वाट नव्हती, असं आबा म्हणाले

सुनेनं दोन दिवस जेवायला दिलं नाही, असं माझ्या वडिलांनी शेजारच्या बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांच्या हाताला अजून आमटीचा वास येत होता. जेवून उठून जेमतेम पंधरा मिनिटं झाली असतील. शेजारच्या बाई आपल्या घरी गेल्या. थोड्या वेळानं वाटीत शिरा घेऊन आल्या, आबांच्या हातात दिला आणि माझ्या बायकोकडे न बघता परत गेल्या.

मी कारखान्यातून आलो तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"अहो, तुमचे आबा खोटं बोलतात."

"खोटं नाही गं बोलत ते."

"मग मी बोलते?"

 मी अजून पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. आबा खुर्चीत बसून शिरा खात होते आणि मला बघून म्हणाले, "बस रे. दोन दिवसांनी पोटात काय तरी गेलं."

आम्ही बिरवाडीत राहतो, दोन खोल्यांत. मी इथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पोलादपूरच्या तालुक्यात, कापड्यावरून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून वर डोंगरात आमची वाडी आहे. तिथून उतरून मी शाळेत गेलो, पुढे महाडला बीएस्सी झालो. हे सगळं आबांमुळे. त्यांना स्वतःला सही करता येत नव्हती, पण मी अभ्यास करतोय असं सांगून बसलो असलो तर पुस्तकाचं पान उलटतंय की नाही, एवढं ते लांबून बघायचे. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना खाली आणलं. त्यानंतर सहा-सात महिन्यांत हे सुरू झालं.

महाडच्या डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ प्रश्न विचारले. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, सोबत कोण आलंय. आबांनी प्रत्येकाचं उत्तर न अडखळता दिलं आणि जवळजवळ प्रत्येक उत्तर चुकीचं होतं. सकाळी भाकरी आणि सुकट खाल्ली म्हणाले. आमच्या घरी त्या दिवशी पोहे होते. मला डॉक्टरांसमोर ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "ते खोटं बोलत नाहीयेत, बरं का. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. यांची आठवण जिथे तुटते तिथे डोकं आपलं आपण काहीतरी भरतं, आणि ते त्यांना खरंच वाटतं." त्यांनी आजाराचं नाव एका कागदावर लिहून दिलं.

हे मला बायकोला समजावून सांगायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी वजनकाटा तपासावा लागतो. ठरलेलं वजन त्यावर ठेवायचं आणि आकडा बरोबर येतोय का बघायचं. कधी कधी नाही येत. काटा बिघडलेला असतो. तो चुकीचा आकडा दाखवतो, पण त्याला कोणी लबाड म्हणत नाही. हे मी तिला सांगितलं, तिला ते पटलंही. मग ती म्हणाली, "पण काटा बरोबर असतो तेव्हा त्याला प्रामाणिक तरी कोण म्हणतं?"

बोलून ती भाजी निवडायला बसली. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो. कारण आबांना आयुष्यभर सगळ्यांनी एकच म्हटलं होतं, की हा माणूस प्रामाणिक आहे.

आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. बांध कुणाचा, झाड कुणाचं, पाण्याची पाळी कुणाची, यासाठी आमच्याकडे सहसा कोणी तालुक्याला जात नाही. गावकी बसते. देवळापुढे पालखी ठेवायचा दगडी ओटा आहे, त्याला आम्ही सहाण म्हणतो. तिथे पुरुष मंडळी बसतात, बायका खाली पायरीशी. मध्ये नारळ ठेवतात. ज्याला ठाऊक असेल त्यानं नारळावर हात ठेवून सांगायचं. हात ठेवून सांगितलेल्या शब्दावर पुढे वाद घालायचा नाही, अशी रीत. गेली कित्येक वर्षं तो हात बहुतेक वेळा आबांचा असायचा. शेजारच्या वाडीतले लोकही त्यांना बोलवायचे. "आबा बोलला म्हणजे मोजणी झाली," असं म्हणायचे. लहानपणी मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं वाटायचं. माझ्या वर्गातल्या कुणाचा बाप दुकानदार होता, कुणाचा मास्तर. माझ्या बापाचा शब्द चालायचा.

गेल्या वर्षी शिमग्याच्या दहा-बारा दिवस आधी धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला.

"दादा, ह्या शिमग्याला घराचं फायनल करून टाकू. वरच्या कोपऱ्यात. रस्ता लागून हाय, लेव्हल पण हाय."

"तिथून काकीची वाट जाते."

"वाट कसली रे? पायवाट हाय. कागदावर कुठं हाय? मी सातबारा बघितला, नकाशा बघितला, सब क्लिअर हाय. तरी पण गावात राहायचंय, म्हणून गावकीत विचारून घेऊ. आबा सांगतील ना."

काकी म्हणजे आबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन मुंबईला. काकी एकटी राहते आणि अजून भात लावते. तिचं घर वाडीच्या अलीकडच्या टोकाला आणि भाताची खाचरं आमच्या जमिनीच्या पलीकडे. आमचा वरचा कोपरा ओलांडला की पाच मिनिटांत ती खाचरावर पोचते. तो कोपरा बंद झाला तर खाली वहाळात उतरून दुसरी चढण चढायची, अर्धा तास, तेही डोक्यावर भारा घेऊन. पावसाळ्यात वहाळाला पाणी असतं तेव्हा तेवढंही जमत नाही. आणि भात लावायचं असतं ते पावसाळ्यातच. वाट गेली की काकीचं शेत गेलं, इतका सरळ हिशेब होता.

ती वाट पूर्वी खालूनच होती, वहाळाच्या काठानं. मी पाचवीत असताना एका पावसाळ्यात काठ खचला आणि वाट वाहून गेली. तेव्हा आबांनी आमच्या वरच्या कोपऱ्यातून काकांना नवी वाट काढून दिली. कुदळ आबांच्या हातात होती. मी घमेल्यातून माती वाहिली होती. डोक्यावर चुंबळ नीट बसत नव्हती म्हणून आबांनी स्वतःचा पंचा मला दिला होता, हेही मला आठवतं. भाऊ तेव्हा मांडीवर होता.

शिमग्याला आम्ही सगळे वर गेलो. पोलादपूरला गाडी थांबवून आबांना चहा पाजला. हवा बदलली तसा त्यांचा चेहरा बदलला. कापड्याच्या पुढे तर ते प्रत्येक वळणाला शेताच्या धन्याचं नाव घेत होते. त्यातले निम्मे धनी मेलेले होते. पण नावं बरोबर होती.

गावकी बसली तेव्हा मुंबईकर मंडळीही होती, त्यामुळे सहाण भरलेली. गावकीचे अध्यक्ष मुंबईत नोकरी करून परत आलेले गृहस्थ आहेत, सरळ माणूस. त्यांनी विषय मांडला. काकी पायरीशी डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"आबा," अध्यक्ष म्हणाले, "तुझ्या वरल्या कोपऱ्यातनं वयनीची वाट व्हती काय?"

"वाट?" आबा म्हणाले. "वाट खालनं हाय, वहाळाच्या कडंनं. वरनं कुठली? वर आमची नाचणी असते."

"नाचणी कुठली आता, आबा? पेरली तर डुकरं येऊन आधी आभार मानतील," कोणीतरी बोललं आणि सगळे हसले. आबाही हसले.

मग त्यांनी नारळावर हात ठेवला. किती वेळा ठेवला असेल तो हात. बोटं आपोआप पसरली. "वरनं वाट नव्हती. नाय."

काकी पायरीवरून अर्धी उठली. "भावोजी, असं काय बोलता? तुमीच कुदळ मारलीत ना? तुमच्या भावाला बोललात, माझ्या रानातनं जा म्हणून."

आबांनी तिच्याकडे फार सौजन्यानं बघितलं. "तू कोणाची गो, बाय?"

पुन्हा हशा झाला, पण यावेळी दबलेला. एकजण म्हणाला, "घ्या, घरच्या वयनीला विसरला."

मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना. आता अध्यक्ष म्हणतील, राहू दे, याला नको विचारायला. पण अध्यक्ष म्हणाले, "माणसं विसरंल, जमीन नाय विसरायचा तो. आणि मी काय बोलतो ऐका. ज्याला घरची माणसं वळखत नाय, तो कोणासाठी लबाडी करंल? उलट आता तर त्याच्या तोंडातनं खोटं निघूच शकत नाय. शाण्या माणसाचा एक वेळ भरवसा धरू नये, पण ह्याचा धरावा."

लोकांनी माना हलवल्या. ते बोलणं मला आज चूक वाटतं, पण त्या दिवशी सहाणेवर बसलेल्या माणसाला ते अगदी बरोबर वाटेल असं होतं. आमच्या गावानं आयुष्यभर एकच गोष्ट तपासली होती, माणूस लबाड आहे की नाही. लबाड नसलेला माणूस चुकू शकतो, हे तपासायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

आणि खरं तर आबा फारसे चुकलेही नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे जे रान होतं ते त्यांच्या तरुणपणातलं होतं. तेव्हा वर नाचणीच होती आणि वाट खालूनच जात होती. ते चाळीस वर्षांपूर्वीचं खरं सांगत होते.

भावानं माझ्याकडे बघितलं. मी सहाणेच्या दगडातल्या भेगेकडे बघत होतो. मला कोणी काही विचारलं नाही. मी एकही खोटा शब्द बोललो नाही.

उठताना काकी माझ्याजवळून गेली. थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "शिकलास ना रे तू? चांगला शिकलास."

बिरवाडीला परत आलो आणि कामावर रुजू झालो. पाळी, सुट्टी, आबांचं औषध, बायकोची कुरबूर, पुन्हा पाळी. मी त्या दिवसांत फार दमलेला होतो. काम तर नेहमीचंच होतं. घरी आलं की आबा विचारायचे, "जेवण कधी?" आणि मी सांगायचो, "आत्ता जेवलात." दहा मिनिटांनी पुन्हा. दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा खरं सांगायचं आणि ते कुठेच साठायचं नाही. खरं बोलण्याचाही कंटाळा येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

भावाचा फोन यायचा. पाडवा झाला की पायाचं खोदकाम. "दादा, तू टेन्शन नको घेऊ. तू काय केलंस? तू तर काय बोललाच नाय."

हेच तर होतं. मी काही बोललो नव्हतो.

एके दिवशी आबांना आंघोळ घालताना त्यांच्या पोटरीवरचा जुना व्रण दिसला. बैलानं मारलेला. त्यावरून मला दुसरा एक बैल आठवला. आबांनी तो खालच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला विकला होता. देखणा बैल, पण बसका. म्हणजे तासभर नांगराला चालायचा आणि मग चिखलात बसकण मारायचा, मारा नाही तर झोडा. घेणाऱ्यानं विचारलं, लाथ मारतो काय? आबा म्हणाले, नाही. शिंग उगारतो काय? नाही. खातो नीट? खातो. सगळं खरं. तो माणूस बैल घेऊन गेला. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून चालत त्या माणसाच्या घरी गेले आणि सांगून आले, बैल बसका आहे, नको असेल तर परत नेतो.

आई चिडली होती. "तुमी कुठं खोटं बोललात? त्यानं इचारलंच नाय."

आबा म्हणाले होते, "त्यानं काय इचारायला पायजे व्हतं ते मला ठाव व्हतं ना. आणि मी गप ऱ्हायलो."

मग ते कितीतरी वेळ आम्हाला बैल विकणाऱ्यांच्या लबाड्या सांगत बसले. शिंगं घासून वय कमी कसं दाखवतात, बसका बैल विकताना त्याला ओल्या रानात न्यायचं कसं टाळतात, कुठल्या प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं खरं उत्तर कसं देतात. त्यांना सगळं माहीत होतं. आम्ही पोटं धरून हसत होतो. मला तेव्हा त्या गोष्टीतली फक्त गंमत कळली.

आंघोळ घालता घालता मी त्यांचा दंड धरून तसाच उभा राहिलो. लोक आबांना प्रामाणिक म्हणायचे ते त्यांना खोटं बोलता येत नाही म्हणून, असंच मी धरून चाललो होतो. साधा डोंगरातला माणूस, त्याला लबाडी कळत नाही. पण त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त कळत होती. कुठून सुरू होते, कुठे लपते, गप्प बसण्यात ती कशी असते. कळत होती म्हणूनच ते तिच्यापासून बाजूला राहू शकत होते. आता त्यांना कळत नाही, म्हणून ते बाजूलाही नाहीत आणि आतही नाहीत. त्यांचा प्रामाणिकपणा गेला असं मी म्हणणार नाही, पण आता त्यांच्याकडून तो मागणं हे चूक होतं, आणि आम्ही सगळ्यांनी तो मागितला होता. ज्याच्याकडे तो मागायला हवा होता तो माणूस शुद्धीवर होता, पदवीधर होता आणि दगडातल्या भेगेकडे बघत होता.

"पाणी गार झालं रे," आबा म्हणाले.

मी भावाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि मग भडकला.

"म्हणजे तू गावात सांगणार आबा वेडे झालेत? त्यांचा शब्द खोटा होता?"

"खोटा नव्हता."

"मग काय होता?"

"त्यांना आठवत नाही."

"एकच झालं ना ते! आयुष्यभर त्यांनी काय कमावलं, दादा? घर नाय, बैल नाय. एक शब्द कमावला. तो पण तूच मोडणार?"

हे त्यानं बोलायला नको होतं, कारण ते खरं होतं. मला तीच भीती होती. गप्प राहिलो तर काकीची वाट जाणार, बोललो तर आबांचा शब्द जाणार. दोन्ही वाचतील असा मार्ग मी काही दिवस शोधला. अध्यक्षांना खाजगीत सांगावं, भावाला दुसरी जागा पटवावी, असं काय काय. पण नारळावर हात ठेवून बोललेला शब्द नारळावर हात ठेवूनच फिरवावा लागतो. तो खाजगीत फिरत नाही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी गावकी पुन्हा बसली. मुंबईकर गेलेले, दहा-बारा माणसं होती. भाऊ एका दिवसाची रजा टाकून आला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. बायको माहेरी गेलेली असल्यामुळे आबांना मागे ठेवता येईना, म्हणून तेही होते. ते माझ्यासमोर नसते तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं. पाचवीत होतो, काठ खचला होता, आबांनी कुदळीनं वाट काढली, मी माती वाहिली. आबांना हे आता आठवत नाही. डॉक्टरांचा कागद मी खिशातून काढला.

"कागद ठेव तुझा," अध्यक्ष म्हणाले. "मला एक सांग. म्हणजे त्या दिवशी म्हातारा खोटं बोलला?"

"नाही."

"मग तू आता बोलतोस?"

"नाही."

"दोघंपण खरं कसं बोलाल, रे? वाट एक तर व्हती नाय तर नव्हती."

"वाट होती. आबांना ती नव्हती असं खरंच वाटतं. आणि मला होती हे ठाऊक असून त्या दिवशी मी गप्प बसलो. खोटं कोणी वागलं असेल तर मी."

मागून एकजण पुटपुटला, "शिकलेल्यांचं खोटं पण बिनबोलता असतं." दोघे-तिघे हसले. मला राग आला नाही. बरोबर होतं.

"हात ठेव," अध्यक्ष म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या नारळावर हात ठेवला. तो तापलेला होता, उन्हात ठेवला होता म्हणून. "वाट होती," मी म्हटलं.

आबा इतका वेळ पलीकडच्या आंब्याकडे बघत बसले होते. काय चाललंय ते त्यांना किती कळत होतं, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, नारळाकडे बघितलं.

"ह्यो माजा पोर हाय," ते म्हणाले.

"हाय ना, आबा. तो बोलतोय वाट व्हती. तू बोललास नव्हती."

आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले. गेल्या दीड वर्षात प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असायचं. यावेळी आलं नाही.

"मला नाय आठवत," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "ह्यो हात ठेवून खोटं बोलायचा नाय."

तेवढंच. पुढच्या मिनिटाला ते अध्यक्षांना विचारत होते, वरची नाचणी काढली काय. पण तेवढ्यापुरतं त्यांना कळलं होतं, की आपल्याला कळत नाही. सहाणेवर मी त्यांना शेकडो वेळा बोलताना ऐकलंय. त्यांचं सगळ्यात खरं वाक्य कुठलं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

वाट राहिली. भावाचं घर खालच्या अंगाला बांधायचं ठरलं, तिथे चढ आहे आणि खर्चही जास्त येईल, म्हणून ते अजून झालेलं नाही. तो सणाला येतो, आबांच्या पाया पडतो आणि माझ्याशी माझ्या बायकोमार्फत बोलतो. काकी त्या दिवशी मला देवळाच्या मागे भेटली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.

"वेळ लावलास," ती म्हणाली. मग म्हणाली, "भावोजींना घेऊन ये जेवायला. त्यांना पण नायतर दोन दिवस उपाशी ऱ्हायल्यासारखं वाटंल." ही बातमी वाडीपर्यंत कशी पोचली, देव जाणे.

गावकी उठताना अध्यक्षांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्यांनी ती हळू आवाजात सांगितली, वाईट मनानं सांगितली नाही. "ह्यापुढं आबाला बसवायचं नाय कोणी. त्याला त्रास द्यायचा नाय." सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो.

यंदाच्या शिमग्याला आम्हाला वर जाता आलं नाही, मला रजा मिळाली नाही. आबांना मात्र दिवस कसे कळतात कोण जाणे. सकाळी उठून त्यांनी ट्रंकेतून धुतलेली टोपी काढली, सदऱ्याची बटणं स्वतः लावली आणि दाराशी खुर्ची ओढून बसले. पूर्वी गावकीचं बोलावणं घेऊन माणूस यायचा, त्याची वाट बघत.

"बोलावणं आलं काय रे?"

"नाही आलं, आबा. आता तुम्हाला बोलवत नाहीत. तुम्हाला त्रास नको म्हणून."

त्यांचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं?"

मी सांगितलं की काही चुकलं नाही. अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा विचारलं, पहिल्यांदा विचारावं तसं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला, पहिल्यांदा पडावा तसा. "माझं काय चुकलं?"

तिसऱ्या वेळी मी कामावर निघालो होतो, डबा हातात होता. त्यांनी विचारलं, "बोलावणं आलं काय?"

"उद्या आहे, आबा. उद्या बसणार आहेत."

"उद्या व्हय," ते म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. "मग आज काय काम नाय."

मी खोटं बोललो. डॉक्टर याला दुसरं काही नाव देतील, बायकोही म्हणते की यात काय एवढं. पण मला ते खोटं आहे हे ठाऊक आहे आणि मी त्याला खोटंच म्हणतो. तेवढं तरी आबांकडून शिकलो. उद्या ते पुन्हा ट्रंकेतून टोपी काढतील आणि दाराशी बसतील. तेव्हा काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.